सहा डबे भडंग

"माणसांच्या डोक्यातून कल्पना काढायच्या कशा, अक्का?"

"चिमट्यानं," अक्का म्हणाल्या.

विचारणारा मुलगा हसला नाही. अक्काही हसल्या नाहीत. त्या टाळांच्या दोऱ्या बदलत होत्या, आणि दोरीचं टोक दातांत धरलेलं असताना त्यांना हसता येत नाही.

मुलाचं नाव ऋतुराज घाटगे. विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. उंच, नीटनेटका, शर्टाच्या दोन्ही बाह्या सारख्या दुमडलेल्या. समोरच्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करायचा आणि बहुतेक वेळा बरोबर करायचा. हुशार होता, त्यात वाद नाही.

मी मठाची कोठी सांभाळतो. धान्य, तूप, लोणची, किल्ली. अक्कांचं कीर्तन गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येणारी माणसंही बघतोय. काहींना उत्तर हवं असतं. काहींच्या खिशात ते आधीच असतं, फक्त त्याच्यावर अक्कांचा शिक्का हवा असतो. हा मुलगा खिसा चाचपतच आला होता.

"मी चेष्टा करत नाहीये," तो म्हणाला.

"मी बी न्हाई. बस की."

तो सतरंजीवर बसला आणि सांगू लागला.

विद्यापीठाची स्पर्धा होती. सहा-सहा जणांचे गट. गटानं मिळून गावातला एखादा प्रश्न सोडवायचा. ह्यांच्या गटाकडे प्रश्न आला होता जत्रेतल्या कचऱ्याचा. जत्रा उठली की मागे जो उकिरडा राहतो, त्याचं काय करायचं?

"मग काय केलंसा?"

"मी एक यंत्र काढलं. जत्रेच्या दारात ठेवायचं. पट्ट्यावरून कचरा सरकत जातो, ओला इकडे, सुका तिकडे. चांगलं आहे, अक्का. खरंच चांगलं आहे."

"आणि बाकीची पाच?"

"त्यांनी रंग दिला."

अक्कांनी दोरीला गाठ मारली. "तू इचारलंस का त्यांस्नी, काय सुचतंय म्हणून?"

"विचारलं ना. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. म्हटलं, दहा मिनिटांत प्रत्येकानं पाच कल्पना लिहा. कुणी कुणाला हसायचं नाही, असा नियमही केला."

"लिवल्या?"

"लिहिल्या. त्यातल्या कामाच्या नव्हत्या त्या मी काढून टाकल्या."

"किती ऱ्हायल्या?"

त्यानं एक बाही उगाच पुन्हा दुमडली.

"किती रं?"

"माझी राहिली."

मी कोठीच्या दारात उभा होतो. मला खोकला आला. अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे मी तिथून जावं असा त्याचा अर्थ होता. मी गेलो नाही.

"पोरं काय म्हणली मग?"

"छान आहे म्हणाली. पण गेल्या आठवड्यात मुळे मॅडमनी आम्हाला बोलावलं. प्रत्येकाला विचारलं, यात तुझं काय? आणि पाचही जण माझ्याकडे बघत बसले, अक्का. एकालाही एक वाक्य बोलता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, हा गट नाही. रविवारी दुपारपर्यंत मला सांग, गट घेऊन उतरतोस की एकट्यांच्या स्पर्धेत नाव घालू?"

मुळे मॅडम त्यांच्या प्राध्यापिका. दर गुरुवारी आमच्याकडे टाळ धरायला येतात. अक्कांच्या भजनी मंडळातल्या बायका सारख्या नव्या चाली बांधतात, आणि कुठली चाल कुणी बांधली हे कुणालाच सांगता येत नाही. मॅडमना त्याचं फार कौतुक. त्यांनीच ह्याला इकडे धाडलं होतं.

"मग घाल की एकट्याचं नाव," अक्का म्हणाल्या.

मुलानं मान खाली घातली.

"एकट्यानं जिंकेनही मी," तो म्हणाला. "पण ती पाच जणं चांगली आहेत, अक्का. मला त्यांच्याबरोबर जिंकायचंय. त्यांना सुचत का नाही, एवढंच मला कळत नाही."

हे मात्र तो खिशातून काढून बोलला नव्हता. मला तेव्हा तो पहिल्यांदा आवडला.

अक्कांनी टाळ वाजवून बघितला. दोरी बरोबर बसली होती.

"परवा, रविवारी, सप्त्याचा काला हाय," त्या म्हणाल्या. "तुझी माणसं घिऊन ये. परत्येकानं आपापली शिदोरी आणायची. गोपाळ आणायचे तशी. समदी एकत्र कालवायची."

त्यानं लगेच फोन काढला. "चालेल. मी वाटून देतो. एकाला पोहे, एकाला दही, एकाला डाळिंब, एकाला..."

"काय बी सांगायचं न्हाई."

"मग गोंधळ होईल."

"हूं दे."

"पण निदान..."

"फकस्त शिदोरी आणा म्हण. म्होरं एक अक्षर न्हाई."

तो उठला. पाया पडला. फाटकापर्यंत जाताना अंगठा फोनवर घुटमळत होता, ते मी बघितलं. पण त्यानं अक्कांचा शब्द पाळला. ते पुढे कळलंच.

*

रविवारी सकाळी सहा जण आले.

तेजल मगदूम, बोलकी, चष्मेवाली. इरफान मुजावर, जो आल्याआल्या चपला ओळीत लावू लागला, स्वतःच्याच नव्हे, सगळ्यांच्या. गौतमी कांबळे, जी एक शब्द बोलली नाही. आणि चव्हाणांचे जुळे, सोमनाथ आणि रघुनाथ. त्यातला सोमनाथ कोण हे मला अजून सांगता यायचं नाही. सहावा ऋतुराज.

ओसरीवर सतरंजी घातली होती. मधे काल्याचं मोठं मडकं. अक्का म्हणाल्या, "उघडा शिदोऱ्या."

तेजलनं डबा उघडला. भडंग.

लसणीच्या फोडणीचे ते तिखट चुरमुरे आमच्याकडे कुणाला आवडत नाहीत? मी मान डोलावली.

इरफाननं डबा उघडला. त्यातही भडंग.

एका जुळ्यानं उघडला. भडंग. दुसऱ्यानं आपला डबा पाठीमागे सरकवला. अक्कांनी हात पुढे केला, तेव्हा त्यानं तो दिला. भडंगच होतं, फक्त त्यात शेंगदाणे जास्त होते.

गौतमीनं न बोलता झाकण काढलं.

ऋतुराजनं सगळ्यांच्या शेवटी काढलं. त्याच्या डब्यात काय होतं ते सांगायला नको.

सहा डबे मडक्याभोवती मांडलेले. लसणीचा वास ओसरीभर सुटला.

"मी काहीही सांगितलं नव्हतं," ऋतुराज म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "शपथ, अक्का. मी फक्त शिदोरी आणा म्हटलं."

"ठावं हाय मला." अक्का पोरांकडे वळल्या. "भडंगच का गं आणलंस तू?"

"मी धपाटे करणार होते," तेजल म्हणाली. "पीठही मळलं होतं. मग वाटलं, दादाला भडंग आवडतं." तिनं ऋतुराजकडे बघितलं.

"अम्मी मलिदा देत होती," इरफान म्हणाला. "गूळ-तूप घालून. मी म्हटलं नको, उगाच वेगळं दिसेल. येताना स्टँडवरून भडंग घेतलं."

जुळे एकमेकांकडे बघू लागले.

"आम्ही दोघांत मिळून एकच डबा आणणार होतो," एक म्हणाला.

"पण म्हटलं, दादाला कमी पडायला नको," दुसरा म्हणाला.

"आणि तू गं?"

गौतमी जमिनीकडे बघत होती. "आमच्या पहिल्या मीटिंगला मी कारळ्याची चटणी आणली होती. आईनं दिली होती, सगळ्यांसाठी. दादा म्हणाला, मीटिंगला चटणी कोण आणतं."

"मी असं म्हणालो?" ऋतुराज म्हणाला.

"हसून म्हणालास," गौतमी म्हणाली. "रागानं नाही."

अक्कांनी एक डबा उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"ही तर एकाचीच शिदोरी," त्या म्हणाल्या. "सहा डब्यांत."

फाटकाबाहेर कुणाची तरी सायकल पंक्चर होती, त्या माणसाचं पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं.

"आणि दुसरं म्हंजे, आमच्या मडक्यात लसूण चालत न्हाई. तवा तुम्ही रिकाम्या हातानं आलासा असं धरू." अक्का उठल्या. "दत्तू, कोठीची किल्ली दे पोरांस्नी."

दत्तू म्हणजे मी.

"किल्ली?"

"किल्ली. कीर्तनानंतर गाव जेवायला येतंय. आजचा काला ही पोरं करतील."

"अक्का, मी पोहे भिजवणारच होतो. सगळं काढून ठेवलंय."

"पोहे सोडून काय बी घ्या रं पोरांनो," अक्का म्हणाल्या. "पोह्याचा काला तर दत्तूला बी येतोय."

इतक्या वर्षांच्या सेवेचं हे फळ. मी किल्ली काढली. कुणाच्या हातात द्यावी ते कळेना, कारण पाचही जणांनी हात पुढे केला नाही आणि सहाव्यानं केला.

"तुला न्हाई," अक्का त्याला म्हणाल्या. "तू माझ्यासंगं टाळ पुसायचे."

*

आता मला दोन्हीकडचं सांगावं लागेल. माझा एक पाय कोठीत होता, एक ओसरीवर. कोठीत माझा जीव अडकला होता आणि ओसरीवर माझे कान.

शेवटी कोठी मीच उघडली. आत पाच जण उभे राहिले. बराच वेळ नुसते उभे. फळ्यांवरच्या बरण्यांकडे बघत होते.

"दादा काय म्हणेल?" तेजल म्हणाली.

"दादा टाळ पुसतोय," एक जुळा म्हणाला.

मग कुणीतरी कोपऱ्यातल्या टोपलीवरचं फडकं काढलं. सप्त्यात घराघरांतून भाकऱ्या येतात. आदल्या दिवशीच्या उरलेल्या होत्या, कडक झालेल्या. त्या मी गाईसाठी ठेवल्या होत्या.

"भाकरीचा काला होतो की," गौतमी म्हणाली. हळू आवाजात, पण म्हणाली.

मी ओसरीवर धावलो. "अक्का, पोरं शिळ्या भाकरीला हात लावतायत. देवाच्या मडक्यात शिळं?"

अक्का टाळाला चिंच चोळत होत्या. "गोपाळांची शिदोरी कवाची असायची रं, दत्तू?"

"पहाटेची."

"खायचे कवा?"

"दुपारी..."

"मग?"

मी परत गेलो. ह्यावर माझं समाधान झालेलं नाही, पण वेळ वाद घालायची नव्हती.

भाकऱ्या कुस्करायला घेतल्या होत्या. इरफान म्हणत होता, गूळ आणि तूप, मलिद्यासारखं. तेजल म्हणत होती, गोड नको, काला आंबट लागतो, दही घाला. इरफाननं गूळ टाकलाच. तेजलनं त्यावर दही ओतलं. दोघं एकमेकांकडे रागानं बघू लागले. मग तेजलनं बोट घालून चाखलं आणि तिचं तोंड असं झालं की इरफान भिंतीला धरून हसायला लागला.

ते गाईला गेलं. गाईनंही विचार करून खाल्लं.

ओसरीवर ऋतुराजचा हात थांबला होता.

"ते चुकतायत," तो म्हणाला.

"व्हय."

"गूळ आधी विरघळवून घ्यायला हवा. मी एकदाच जाऊन सांगू?"

"टाळ पूस."

त्यानं टाळ पुसला. आतून पुन्हा हसणं आलं, ह्या वेळी सगळ्यांचं. बरणी पडल्याचा आवाज आला. लिंबाच्या लोणच्याची होती. फुटली नाही.

"अक्का..."

"काय?"

"ते माझ्यासमोर असे कधी हसत नाहीत."

अक्कांनी नुसता दुसरा टाळ त्याच्यापुढे सरकवला.

आत जुळे गायब झाले होते. मागच्या अंगणातल्या आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या, त्या मी मोजून ठेवल्या नव्हत्या हे बरं. दोघं ओटी भरून परत आले. गौतमी साली काढत बसली. तिनं विचारलं, "साली कुठे टाकू?"

"मागं टाक," एक जुळा म्हणाला. "जत्रेत सगळे मागंच टाकतात."

"पुढं कोण टाकणार?" दुसरा म्हणाला. "पुढं गिऱ्हाईक असतंय. दुकानाच्या पालामागं ढीग साठतो, आणि जत्रा उठली की तसाच राहतो."

"तुम्हाला रे काय माहीत?" तेजलनं विचारलं.

"बाबांचा पाळणा आहे की. जत्रेतला. आम्ही जत्रेतच वाढलो."

"मग आधी का नाही बोललात?"

"दादा बोलत होता ना," दोघं एकदमच म्हणाले.

कोठीची खिडकी ओसरीवर उघडते. ऋतुराजच्या हातातला टाळ तसाच राहिला.

"माझं यंत्र दारात आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "कचरा मागे असतो... मी ते दारात ठेवलंय."

तो उठला. अक्कांनी अडवलं नाही. तो कोठीच्या दाराशी आला, माझ्या शेजारी उभा राहिला. आत पाचही जणांचे हात कोपरापर्यंत दह्यात. कुणीतरी काहीतरी बोलत होतं, बाकीचे त्यात भर घालत होते.

त्यांनी त्याला बघितलं.

आणि सगळं थांबलं. तेजलनं चष्मा सारखा केला, त्याला दही लागलं. इरफाननं मघाशी सांडलेला गूळ पायानं झाकला. गौतमी पुन्हा जमिनीकडे बघू लागली. मास्तर वर्गात आले की होतं तसं झालं.

ऋतुराजनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं. मागे फिरला आणि ओसरीवर येऊन बसला.

"मी गेलो की थांबतं," तो म्हणाला.

"व्हय."

"मी कुणाला कधी ओरडलो नाही, अक्का. कधी कुणाचा अपमान केला नाही. मी वाईट माणूस आहे का?"

"न्हाई रं लेकरा. तू हुशार हाईस." अक्कांनी टाळ उजेडात धरून बघितला. "तेवढीच अडचण हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लपवायलाही गेला नाही. मला वाईट वाटलं. आत कैरी किसल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, मग कुणीतरी म्हणालं "तिखट पाहिजे", मग कुणीतरी म्हणालं "थांब थांब थांब". बाहेर तो ऐकत बसला. ह्या वेळी तो उठला नाही, काही सांगू का असंही विचारलं नाही. टाळ मात्र त्यानं चांगले घासले. मंडळाच्या बायकांनी त्यात तोंड बघितलं.

*

कीर्तन झालं. अक्कांचं काल्याचं कीर्तन मी नेहमीच डोळे मिटून ऐकतो, पण त्या दिवशी माझा एक डोळा मडक्याकडे होता. गाव जमलं होतं. मुळे मॅडम मंडळात टाळ धरून उभ्या होत्या.

मग मडकं पुढे आलं.

कुस्करलेली भाकरी, दही, किसलेली कैरी. गूळ होता, पण इतका थोडा की आहे की नाही असं वाटावं. भाजलेले शेंगदाणे, कोठीतलेच कारळे कुटून घातलेले, वरून जिऱ्या-मिरचीची फोडणी. मी काला म्हणून जे चाळीस वर्षं करत आलो त्याच्याशी ह्याचं काहीही नातं नव्हतं. मी नाखुशीनं चव घेतली. मग पुन्हा घेतली, खात्री करायला. तिसऱ्यांदा घेताना अक्कांनी बघितलं आणि मी द्रोण वाटायला लागलो.

ऋतुराज सवयीनं पळी घ्यायला पुढे झाला होता. तेजलनं पळीऐवजी त्याच्या हातात द्रोण दिला.

त्यानं घास घेतला.

पाचही जण त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. सगळं गाव मिटक्या मारत होतं, बायका मॅडमना विचारत होत्या हे कुठल्या गावचं, पण ह्या पाच जणांना कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. दादा काय म्हणतो, एवढंच.

ऋतुराजनं घास गिळला. बोलायला तोंड उघडलं.

अक्कांनी त्यात दुसरा घास कोंबला.

आमच्याकडे काल्याला एकमेकांना भरवायची रीत आहे. कुणी भरवला तर नाही म्हणता येत नाही. त्यानं तो कसाबसा खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं. अक्कांनी इरफानकडे नुसतं बघितलं. इरफान जरा घाबरला. मग त्यानं मूठभर काला उचलला आणि भरवला.

मग तेजलनं. मग जुळ्यांनी, दोन्ही बाजूंनी एकदम. गौतमीचा घास सगळ्यांत मोठा होता. दही हनुवटीवरून त्या इस्त्रीच्या शर्टावर ओघळलं, गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि पहिल्यांदा हसला तो ऋतुराजच. तोंड बंद ठेवून हसता येत नाही, त्यामुळे व्हायचं ते झालं. बरंचसं माझ्या धोतरावर आलं.

सगळे हसत होते. तो मधोमध होता आणि हसणं थांबलं नव्हतं.

तोंड रिकामं झालं तेव्हा त्यानं विचारलं, "हे सुचलं कुणाला?"

"गौतमीला," तेजल म्हणाली. "भाकरी तिनंच म्हटली."

"मी फक्त भाकरी म्हटलं. कैरी ह्यांनी आणली."

"आम्ही नुसत्या खायला आणल्या होत्या."

"किसायचं इरफान म्हणाला."

"मी गूळ म्हणालो होतो. तू दही ओतलंस म्हणून कैरी लागली..."

ते भांडण लांबलं. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेत होता, आणि खरंच कुणाला पत्ता लागत नव्हता. ऋतुराज ह्याच्या तोंडाकडून त्याच्या तोंडाकडे बघत होता. मधे एकदाही त्यानं कुणाचं वाक्य पुरं केलं नाही.

मुळे मॅडम द्रोण चाटूनपुसून आल्या.

"दुपार झाली, घाटगे. काय ठरलं? एकटा की गट?"

"गट, मॅडम."

"आणि ते यंत्र?"

"ते... चुकीच्या जागी आहे. का ते सोमनाथ-रघुनाथ सांगतील तुम्हाला. मला पूर्ण माहीत नाही."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "म्हणजे नवीन काहीतरी सुचावं लागणार. दिवस थोडे आहेत. कुणाला सुचेल?"

त्यानं मागे बघितलं. कैरी कुणी किसली ह्यावर अजून एकमत होत नव्हतं.

"ते कळणार नाही बहुतेक," तो म्हणाला.

मॅडम हसल्या आणि चूळ भरायला गेल्या. ओसरीवरचे सहा डबे तसेच होते. मठात मी लसूण खात नाही. पण ते फाटकाबाहेर नेले तर मठ संपतो, आणि सायकलवाला तिथे उपाशीच बसला होता. आम्ही दोघांनी मिळून एक डबा संपवला. भडंग चांगलं होतं, त्याचा काही दोष नव्हता.

परत आलो तर पोरं मडकं घासत होती. ऋतुराज अक्कांपुढे बसला होता, शर्टावर दही तसंच.

"एक विचारू, अक्का?"

"इचार."

"सुचणार त्यांना. करणार ते. कुणाचं काय ते कुणालाच कळणार नाही." तो थांबला. पुढचं त्याला खरंच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मग ह्या सगळ्यात माझं काम काय?"

अक्कांनी त्याच्या हातातला द्रोण बघितला. तो रिकामा होता. त्यांनी तो घेतला, उरलेला काला त्यात घातला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

"उपाशी येत जा," त्या म्हणाल्या.